कागदावरची मोकळी जागा

आमच्या घराचं दार पाहून नवा माणूस हमखास फसतो. जाडजूड लाकडाचं, दोन झडपांचं, पितळी कड्यांचं दार. त्याला वाटतं, आत दिवाणखाना असणार. तो चपला काढतो, केस सारखे करतो, रुबाबात आत पाऊल टाकतो आणि त्याचा गुडघा थेट आमच्या पलंगावर आपटतो. मग मी म्हणते, “बसा तिथेच. दुसरीकडे बसायला जागा नाही.”

दार मोठ्या घराचं आहे. मोठं घर अजून व्हायचंय. कुठलीशी जुनी इमारत पाडत होते तेव्हा माझ्या नवऱ्याने ते दार उचलून आणलं आणि नुसतं उभं करून ठेवलं तर वाळवी लागेल म्हणून या खोलीला बसवलं. दार उंच, खोली बुटकी. म्हणून पुढची भिंत दोन हात चढवली आणि पत्रे पुढून मागे उतरते टाकले. दारासाठी घर वाढवलेलं माझ्या पाहण्यात तरी हे एकच.

ही खोली तात्पुरती होती. भाड्याची जागा सोडायची वेळ आली तेव्हा आमची ठकी नुकती शाळेत जायला लागली होती. प्लॉट घेतलेला होता. हे म्हणाले, “कडेला एक छोटी खोली टाकू. आपण तिच्यात राहू, समोर घर उभं राहील, आपल्या डोळ्यांदेखत. मग खोलीच्या विटा काढून कंपाउंडला लावू.” मला ते फार आवडलं होतं. ठकी तर शाळेत सगळ्यांना सांगून आली की आमचं घर आमच्यासमोर मोठं होणार आहे.

विटा पुन्हा वापरायच्या म्हणून त्या चिखलात रचल्या, सिमेंट लावलं नाही. प्लास्टर नाही. ओटा म्हणजे सुट्या विटांच्या दोन थप्प्या आणि त्यावर टाकलेली फरशी; जोरात भाजी चिरली की हलते. खिळा ठोकायचा नाही, वीट फुटेल. फळी मारायची नाही, पत्रा मोकळा राहू दे. काही मागितलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, “आता इथे कशाला? मोठ्या घरात करू.” माझ्या लग्नातली भांडी खोक्यात. चांगले पडदे खोक्यात. खोकी पलंगाखाली. आम्ही चिरलेल्या कपातून चहा पितो आणि पाहुण्यांना सांगतो की चांगले कप आहेत, पण ते मोठ्या घराचे आहेत.

तर हे नकाशे काढतात. इमारतींच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन आहेत. तिथे आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, पण स्वतःच्या घराचा नकाशा ते घरी, पलंगावर बोर्ड टेकवून, पेन्सिलनेच काढतात. स्वतःचं घर माउसने काढायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी चहा झाला की बोर्ड बाहेर येतो, आणि मग पलंगावर बसायचीही सोय उरत नाही. सुरुवातीला पैसे नव्हते. नंतर सासऱ्यांचं आजारपण आलं, ठकीचं शिक्षण आलं. ते सगळं मी समजू शकते. पण खरं सांगायचं तर जेव्हा जेव्हा जमेल असं वाटलं, तेव्हा तेव्हा ह्यांना नकाशात काहीतरी खुपायला लागलं. जिना. आमच्या ह्यांना जिन्याचं भारी वेड. मधे वळण हवं, वळणावर टप्पा हवा, टप्प्यावर सकाळचं ऊन पडायला हवं. त्या टप्प्यासाठी त्यांनी अख्खं घर कितीदा फिरवलं असेल, देव जाणे.

नकाशा वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले. भिंत म्हणजे जाड रेघ. खिडकी आली की जाड रेघ थांबते, तिथे दोन बारीक रेघा, मग पुन्हा जाड. जुन्यातलं जे ठेवायचं ते सलग रेघेने दाखवतात आणि जे पाडायचं ते तुटक रेघेने. बस, एवढं आलं की कुठलाही नकाशा वाचता येतो. आणि प्रत्येक नकाशात मी आधी एकच गोष्ट शोधायचे, स्वयंपाकघरातली माझी खिडकी.

मी या माणसाकडे घराबद्दल एवढं एकच मागितलं होतं. गॅससमोर खिडकी. मी हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. लाँड्री तळघरात आहे. दिवसभर गरम रुळांमधून चादरी सरकवायच्या, निघाल्या की घड्या घालायच्या, मग उशांचे अभ्रे. वाफेने समोरचं माणूस दिसत नाही. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, हे आम्हाला वरून येणाऱ्यांच्या कपड्यांवरून कळतं. तिथून सुटून घरी यायचं आणि गॅस पेटवून पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आमच्या ओट्यासमोर उघड्या विटा आहेत. त्यातली प्रत्येक वीट मला तोंडपाठ आहे. भोक पाडून द्या म्हटलं तर, “मोठ्या घरात.” तेव्हा कागदावरची खिडकी बघून मी गप्प बसायचे. खोटं कशाला बोलू, मलाही त्या खिडकीची चटक लागली होती. भाजी परतताना मी मनातल्या मनात तिच्यातून बाहेर बघायचे.

या वर्षी ठकीला दुसऱ्या गावात नोकरी लागली आणि ह्यांना एकदम काय वाटलं कुणास ठाऊक. आठवडाभर बोर्डावरून मान वर केली नाही. मग एका संध्याकाळी नवा कोरा कागद माझ्यासमोर धरला. “हा शेवटचा. आता एक रेघ हलवणार नाही.” मी खिडकी शोधली. होती. ठकीची खोली होती, तिच्याबाहेर गॅलरी होती, जिना वळणासकट होता, पाहुण्यांची खोलीसुद्धा होती. गवंड्याशी बोलणं झालं होतं. तो येण्याआधी आपणच एकदा दोरी लावून बघू, असं हे म्हणाले. मी चक्क मावशींना, म्हणजे लाँड्रीत आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंना सांगून टाकलं की आमचं घर सुरू होतंय. इतकी वर्षं “काय गं, कुठवर आला तुझा महाल?” म्हणून त्या माझी फिरकी घेत. त्या दिवशी त्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “सुटलीस बाई.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खुंट्या, दोरी आणि टेप घेऊन बाहेर पडलो. हे आकडे वाचत होते, मी टेपचं टोक धरून उभी राहत होते. पहिला कोपरा झाला. दुसरा झाला. चुन्याची फक्की टाकली की जमिनीवर पांढरी रेघ उमटायची आणि ती पुसू नये म्हणून मी लांब पाय टाकून ओलांडायचे. हे सांगत होते, “ही पायरी. आता तू व्हरांड्यात उभी आहेस.” मी चिखलात उभी होते, पण मी पाय पुसल्यासारखं केलं. हे हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांशी असं वागत होतो.

तिसऱ्या कोपऱ्याकडे जाताना दोरी अडली.

आमच्या खोलीच्या भिंतीला अडली. स्वयंपाकाच्या बाजूच्या.

“टेप सैल धरलीस,” हे म्हणाले. मी घट्ट धरली. पुन्हा मोजलं. पुन्हा भिंत. मग त्यांनी हद्दीच्या दगडापासून सगळं नव्याने मोजलं. मग पलीकडून उलटं मोजत आले. कुठूनही आलं तरी दोरी आमच्या ओट्याच्या मधोमध जात होती. गॅसची एक शेगडी घराच्या आत, एक बाहेर.

त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि उकिडवे बसून बघत राहिले. मीही वाकून पाहिलं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत इतके नकाशे झाले, पण एकाही नकाशात आमची ही खोली नव्हती. तात्पुरती म्हणून ह्यांनी ती कधी काढलीच नव्हती. पहिल्या नकाशात मोठं घर लहान होतं, खोली खरंच कडेला होती. मग ठकीची खोली वाढली, मग गॅलरी, मग जिन्याला वळण, मग पाहुणे. दर वेळी घर त्याच बाजूला सरकत गेलं, कारण कागदावर तिथे मोकळी जागा होती. आणि त्या मोकळ्या जागेत आम्ही राहत होतो.

असली चूक कुठलाही साधा माणूस करणार नाही. त्यासाठी घरात नकाशे काढणाराच असावा लागतो.

“घर पलीकडे सरकवा ना,” मी म्हणाले.

“नाही सरकवता येत. तिकडे हद्दीपासून अंतर सोडावं लागतं.” मग हळूच, माझ्याकडे न बघता बोलले, “असं करू. ही खोली आधी काढू. तिकडे मागच्या बाजूला पत्र्याचं एक शेड टाकू. तेवढ्यापुरतं. घर झालं की...”

“शेड.”

“तात्पुरतं गं.”

“आणि त्या शेडचा नकाशा काढणार आहात?”

“तात्पुरत्याचा कसला नकाशा?” ते सवयीने म्हणाले.

म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच मान खाली घातली. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी टेपचं टोक सोडून दिलं. ती सर्रकन आत गेली आणि त्यांच्या बोटाला लागली. लागू दे म्हटलं.

“मला या कागदावर दाखवा,” मी म्हणाले, “आत्ता मी कुठे उभी आहे?”

त्यांनी बोट फिरवलं आणि एका चौकोनावर टेकवलं. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहुण्यांची खोली’.

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हणाले, “बरोबर आहे. इतकी वर्षं पाहुणीच आहे मी इथे. खिळा ठोकायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही, चांगल्या कपात चहा प्यायचा नाही. ठकी या पलंगावर अभ्यास करून मोठी झाली आणि निघून गेली. तिची खोली अजून तुमच्या पेन्सिलीतच आहे. आता नीट ऐका. दुसऱ्या तात्पुरत्या घरात मी येणार नाही. तुम्ही शेड बांधा नाहीतर राजवाडा बांधा. ही भिंत पाडायला माणसं आली तर मी ओट्यासमोर उभी असेन.”

आवाज चढला असेल. पलीकडच्या घराची खिडकी कुणीतरी उघडली आणि लगेच लावून घेतली. मी आत येऊन भात लावला. काहीतरी करायचं म्हणून लावला. जेवायची वेळ अजून झाली नव्हती.

पुढचे काही दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. किल्ली इथे आहे. दूध आणलंय. बोर्ड दाराआड भिंतीला टेकून होता, त्याला हात लागला नाही. बाहेर चुन्याच्या रेघा हळूहळू पुसट होत गेल्या. मी त्यांच्यावरूनच ये-जा करत होते. गवंड्याचा फोन आला तेव्हा हे बाहेर जाऊन बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. खरं म्हणजे राग केव्हाच उतरला होता. उरला होता तो थकवा. भांडायलाही अंगात जोर लागतो, तो मी चादरींच्या घड्यांमध्ये घालवून बसले होते. मावशींनी विचारलं, “खोदलं का?” मी म्हटलं, “दोरी लावून झाली.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मला रुळावरून काढून घड्यांच्या टेबलावर बसवलं.

ठकीचा फोन आला. मी तिला काहीच सांगणार नव्हते, पण तोंडातून सगळं निघून गेलं. ती आधी खो खो हसली. मग म्हणाली, “आई, बाबांना सांग, माझी खोली काढून टाका.”

“असं नको बोलू. त्यांना लागेल.”

“अगं, रागाने नाही म्हणत. मी सुट्टीला येणार ती तुमच्या दोघांच्या मधे झोपायला येणार. मला तेच घर माहीत आहे. तो नकाशा बाबांचा आहे. मला लहानपणी वाटायचं, बाबा गोष्टीचं पुस्तक काढतायत.”

फोन स्पीकरवर होता. हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपलेत असं मी धरून चालले होते. पण त्यांचा खांदा हलला तेव्हा मला कळलं की ऐकलंय. ठकीशी बोलणं संपल्यावर मला त्यांचा राग यायला हवा होता. उलट वाईटच वाटायला लागलं. या माणसाने कधी स्वतःसाठी एक शर्ट हट्टाने घेतला नाही. हट्ट काय तो त्या जिन्याचा.

त्यानंतरच्या सुट्टीला मी दुपारी भाजी चिरत होते. हे उठले, टेप घेतली आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“जरा टोक धरतेस?”

“मला बाहेर यायचं नाही,” मी म्हणाले.

“बाहेर नाही. इथेच.”

त्यांनी टेप आमच्या दारापासून ओट्यापर्यंत ताणली. मग पलंग मोजला. पलंग आणि भिंत यांच्यामधली फट मोजली, जिच्यातून मी रोज आडवी होऊन जाते. “एवढीशीच आहे?” ते म्हणाले. मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळणार, तुम्ही पलीकडच्या बाजूने उतरता.” त्यांनी डब्यांची जागा विचारली. पाण्याचा पिंप कुठल्या हाताला लागतो ते विचारलं. पत्र्याला आधार दिलेला खांब मोजला, ज्यावर ठकीचं डोकं तीनदा तरी आपटलं असेल. मी भाजीच्या हाताने टेप धरून त्यांच्यामागे फिरत होते. मोजून संपायला वेळ कितीसा लागणार? एवढीशी तर खोली.

मग बोर्ड बाहेर आला. त्यांनी जुना नकाशा काढून गुंडाळला आणि नवा कागद लावला. मी ओट्याशी गेले, पण माझं लक्ष सगळं मागे होतं. शेवटी राहवेना, तेव्हा सुरी हातात तशीच घेऊन त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले. कागदावर आमची खोली उमटत होती. दार होतं, कागदावरसुद्धा खोलीच्या मानाने हास्यास्पद मोठं. पलंग होता. तीन भिंती झाल्या होत्या. आणि त्या सलग होत्या.

चौथी भिंत राहिली होती. ओट्याची. दोरी अडली होती ती.

त्यांनी पट्टी लावली आणि पेन्सिल टेकवली. कोपऱ्यापासून जाड रेघ निघाली, पिंपापर्यंत आली, ओट्यापर्यंत आली आणि थांबली. त्यांनी पेन्सिल उचलली. तुटली रेघ.

तुटक रेघ पाडायच्या भिंतीची. म्हणजे बाकीचं राहणार आणि नेमकी माझी भिंत जाणार. एवढं सगळं मोजून, एवढं सगळं विचारून शेवटी तेच. मी सुरी ओट्यावर ठेवली. भांडायचंही त्राण नव्हतं. मनात म्हटलं, पाडा बाबा, काय पाडायचं ते पाडा.

त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग जिथे जाड रेघ थांबली होती तिथून पुढे एक बारीक रेघ ओढली. तिच्याशेजारी दुसरी. आणि मग पुन्हा जाड रेघ, थेट कोपऱ्यापर्यंत.

मी बघत राहिले. इतकी वर्षं ती खिडकी मी प्रत्येक कागदावर पहिल्यांदा शोधत आले होते, आणि आज समोर काढली तरी मला ओळखता आली नव्हती.

“मागे एक खोली वाढवू,” हे कागदाकडे बघतच म्हणाले. “ओटा पक्का करून घेऊ. विटा काढून सिमेंटमध्ये बसवता येतील. बाकी काही नको.”

“आणि जिना?”

“एकमजली खोलीला कुठला जिना?”

पलंगाच्या पायाशी जुना नकाशा गुंडाळून ठेवला होता, त्याला त्यांनी रबर लावलं होतं. मला त्या टप्प्यावरचं ऊन आठवलं. खरं तर ते मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी आठवलं. त्या घरात मीही राहिले होतेच की. मी म्हटलं, “दारासमोर पायऱ्या करा. वळणाच्या करा. लोक फसतातच, अजून थोडे फसू देत.”

ते हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुसतच राहिले.

मग पेन्सिल घेऊन ओट्याशी आले. “इथे उभी राहा. रोज राहतेस तशी.” मी गॅससमोर उभी राहिले, विटांकडे तोंड करून. त्यांनी माझ्या डोळ्यांशी बोट धरलं, मग कोपराशी धरलं, आणि भिंतीवर, ज्या भिंतीला इतकी वर्षं कुणी हात लावायचा नव्हता, तिच्यावर पेन्सिलने खूण केली. खालची एक, वरची एक. मग मला विचारलं, “एवढी पुरेल?”

मी म्हटलं, “थोडी मोठी करा.”